जिन बंद झाल्यावरचं बाळंतपण
(आकाशवाणीवरील भाषण)

कापसाचा हंगाम ओसरला, की वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट, देवळी, सेलू या पट्ट्यातल्या जिनिंग-प्रेसिंगचं काम आटत जातं. ठेकेदार म्हणतो, "उद्यापासून येऊ नका," हजेरीचा हिशेब मिटतो आणि बाया घरी बसतात. त्यांच्यातल्या एखादीला पाचवा महिना असला, तर काम गेलं म्हणजे बाळंतपणाचा पैसाही गेला, असं ती धरून चालते. ठेकेदारही तसंच धरून चालतो. हे धरून चालणं कायद्याला धरून नाही, एवढंच मला आज मांडायचं आहे.

प्रसूती लाभाचा 1961 चा कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला; त्यातली मुख्य कलमं मात्र तीच राहिली. या कायद्याचा प्रश्न 'आज तू कामावर आहेस का?' असा नाही. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या मागच्या बारा महिन्यांत, ज्याच्याकडे लाभ मागायचा त्या मालकाकडे 80 दिवस काम झालं का, असा तो आहे. पूर्वी ही अट 160 दिवसांची होती. 1988 च्या दुरुस्तीने ती निम्म्यावर आली. हंगामी कामगार बाईसाठी हा फरक फार मोठा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जिनात राबलेली आणि जुलैत बाळंत होणारी बाई 80 दिवस सहज भरते. कामावरून कमी केल्याची भरपाई मागायला गेली, तर तिच्यापुढे वर्षात 240 दिवसांची भिंत उभी राहते. बाळंतपणाच्या पैशाला ती भिंत नाही. शिवाय गरोदरपणात केव्हाही कामावरून काढलं, तरी एरवी मिळाला असता तो लाभ बुडत नाही, असं कलमातच लिहिलेलं आहे. पहिल्या दोन अपत्यांपर्यंत हा लाभ 26 आठवड्यांचा. आठवडा म्हणजे रविवार धरून सात दिवस, हे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच ठरवून टाकलं. रोज 400 रुपये मजुरी धरली, तर 182 दिवसांचे 72,800 रुपये होतात. शेजारी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाचे 5,000 रुपये ठेवून पाहा. ही योजना वाईट नाही. कपाशी वेचणाऱ्या, कुठल्याच आस्थापनेच्या हजेरीवर नसलेल्या बाईला अंगणवाडी सेविकेमार्फत तेवढाच आधार असतो. पण जिच्या हक्काचे 72 हजार आहेत, तिची पाच हजारांवर बोळवण होत असेल, तर तिला मदत मिळाली असं कसं म्हणायचं?

यावर मालकाचा पहिला आक्षेप असा, की आम्ही काढलं नाही, हंगामच संपला. मुदत संपल्यावर देणं कसलं? ऑगस्ट 2023 मध्ये दिल्लीच्या एका कंत्राटी डॉक्टरच्या खटल्यात अगदी हाच युक्तिवाद झाला होता. कंत्राटाची मुदत संपली तरी प्रसूती लाभ मुदतीच्या पलीकडे चालू राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. त्या डॉक्टर होत्या, जिनातली बाई रोजंदार, हा भेदही टिकत नाही. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या बायांना हा कायदा लागू आहे, असा निकाल 2000 सालीच झालेला आहे. माझ्या मते हंगामाची मुदत आणि कंत्राटाची मुदत यांना वेगळा न्याय लावायला काही कारण दिसत नाही.

कायदा असा बाजूने असताना पैसा बुडतो, तो कागदावर. कलम संरक्षण देतं ते काढून टाकलेल्या बाईला, राजीनामा दिलेल्या बाईला नव्हे. म्हणून हिशेबाच्या वेळी 'स्वखुशीने काम सोडत आहे' अशा कागदावर अंगठा उठवायचा नाही. हजेरी ठेकेदाराच्या वहीत असते आणि ती वही आपल्या हाती लागत नाही, तेव्हा बँकेच्या पासबुकातल्या मजुरीच्या नोंदी जपायच्या. गरोदरपणाची लेखी सूचना द्यावी. ती राहून गेली तरी हक्क जात नाही. लाभ नाकारला, तर 60 दिवसांच्या आत अपील करायचं असतं. वकिलाच्या फीची धास्ती नको, कारण बाईचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला मोफत वकील मिळतो.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनाचा वाटतो. सगळा भार एकट्या मालकावर टाकला, तर तो उद्या तरुण बायांना कामच देणार नाही. हे खरं आहे, पण हा दोष हक्काचा नाही, पैसा उभा करण्याच्या पद्धतीचा आहे. मुंबईच्या विधिमंडळात 1928 साली प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना हा भार बव्हंशी सरकारने उचलावा, असं मत मांडलं होतं. वर्धा तेव्हा मध्य प्रांतात होतं आणि तिथेही 1930 मध्ये असा कायदा झाला. पुढे कर्मचारी राज्य विमा आला आणि वाटणीची सोय झाली. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या सूतगिरणीतल्या बाईला 26 आठवड्यांचे पैसे विमा महामंडळ देतं. मालकाच्या खिशातून थेट काही जात नाही. हा हक्कही मागच्या सहा-सहा महिन्यांच्या दोन वर्गणी-कालखंडांत भरलेल्या 70 दिवसांच्या वर्गणीवर ठरतो. गंमत अशी, गंमत कसली म्हणा, की हंगामी कारखाने या विम्याबाहेर आहेत आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत पहिलंच नाव सरकी काढण्याच्या उद्योगाचं, म्हणजे जिनिंगचं आहे. जो जिल्हा कापसावर जगतो, त्यातला कापसाचाच कारखाना विम्याबाहेर. सूत कातणारीच्या बाळंतपणाची वाटणी झाली. त्याच कापसातून सरकी काढणारीचा भार मालकावर पडला आणि मालकाने तो तिच्यावरच ढकलला.

हंगामी कामाची वर्गणी गोळा करता येत नाही, असं कुणी म्हणेल. बांधकामावरचा मजूर तर रोज जागा बदलतो. तरी बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसला आणि त्यातून राज्याचं बांधकाम कामगार कल्याण मंडळ नोंदणीकृत बाईला नैसर्गिक प्रसूतीला 15,000 आणि शस्त्रक्रियेच्या प्रसूतीला 20,000 रुपये देतं. सिमेंट-विटांवर उपकर घेता येतो, तर कापसाच्या गाठीवर का नाही? गाठ 170 किलोची, बांधलेली, मोजलेली. ती लपवता येत नाही. गाठीमागे दहा रुपये घेतले, तर दहा हजार गाठी बांधणाऱ्या एका प्रेसमधून हंगामाला एक लाख रुपये जमतात. मघाच्या हिशेबाने एका बाईचे सहा महिने त्यात निघतात आणि वर 27,200 रुपये उरतात.