जुना संगणक आणि आपला हात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या मंगल दिवशी मी संगणकाविषयी बोलणार, हे ऐकून काहींना नवल वाटले असेल. परंतु मंडळाच्या खोलीतील संगणक ठेवावा की भंगारात काढावा, हा प्रश्न कार्यकारिणीपुढे आहे. त्याच्यात आपल्या बचतगटांचे हिशेब आहेत. एमएस-सीआयटीच्या वर्गाला जाणाऱ्या मुली त्याच्यावरच टंकलेखनाचा सराव करतात. तेव्हा हा प्रश्न आपल्या पैशाचा आणि आपल्या मुलींचाही आहे.

त्यात ‘विंडोज सात’ ही २००९ साली निघालेली प्रणाली आहे. तक्रार अशी की, तो सुरू व्हायला फार वेळ लागतो. यंत्र म्हातारे झाले, असे आपण म्हणतो. पण पहाटे उठताच घरच्या बाईला पाणी, चहा, डबा, गुरे अशा दहा हाका एकदम आल्या, तर तिला मंद म्हणावे काय? यंत्राचेही तसेच होते. आपण नवनवे सॉफ्टवेअर बसवितो. त्यांतील पुष्कळशी, संगणक सुरू होताच आपणही सुरू व्हावे, अशी सोय आपल्या नकळत करून ठेवतात. गाणी वाजविणारे, फोन जोडणारे, छपाईचे, सारे एकदम जागे होतात आणि आपली हिशेबाची वही मागे राहते.

ह्यावर उपाय सोपा आहे. ‘स्टार्ट’ दाबून खालच्या चौकटीत एम, एस, सी, ओ, एन, एफ, आय, जी ही आठ इंग्रजी अक्षरे सलग लिहावीत व ‘एंटर’ दाबावे. जी खिडकी उघडते तिच्यात ‘स्टार्टअप’ ह्या पानावर सर्वांची यादी असते. नावापुढील खूण काढली की ते सॉफ्टवेअर पुढल्या वेळी आपोआप सुरू होत नाही. ते पुसले जात नाही. हवे तेव्हा उघडता येते. म्हणून भीती नको, पण शिस्त हवी. आधी यादी वहीत उतरवून घ्यावी. एका वेळी दोन-तीनच खुणा काढून संगणक पुन्हा सुरू करून पाहावा. व्हायरसपासून रक्षण करणाऱ्या सॉफ्टवेअरला आणि अनोळखी नावांना हात लावू नये.

दुसरी गोष्ट तारखेची. चंद्रपूरला २९२० मेगावॅटचे वीजकेंद्र असले, तरी आपल्या रानातल्या गावांत पावसाळ्यात वीज जातेच. वीज नसताना संगणकातील घड्याळ एका नाण्याएवढ्या बॅटरीवर चालते. ती संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग हिशेबात खोटी तारीख पडते आणि इंटरनेटवरील पुष्कळ पाने उघडत नाहीत. कोपऱ्यातील घड्याळावर माऊसचे उजवे बटण दाबून ‘ॲडजस्ट डेट/टाइम’मधून तारीख सुधारता येते. ती रोजच मागे जाऊ लागली, तर बॅटरी बदलून घ्यावी. बहुतेक संगणकांना तीन व्होल्टची ‘सीआर २०३२’ लागते, आणि ती महाग नसते.

तिसरी गोष्ट मराठीची. ‘कंट्रोल पॅनेल’मधील ‘रीजन अँड लँग्वेज’मध्ये मराठी कीबोर्ड जोडता येतो. मग डावीकडील ‘ऑल्ट’ आणि ‘शिफ्ट’ एकत्र दाबले की इंग्रजीवरून मराठीवर जाता येते. सभासदांची नावे त्यांना स्वतःला वाचता येतील अशा लिपीत असावीत, हे मला फार मोलाचे वाटते.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. मायक्रोसॉफ्टने ह्या प्रणालीचा सर्वसाधारण सुरक्षा-पुरवठा १४ जानेवारी २०२० रोजी बंद केला. म्हणून बँकेचे व्यवहार आणि पासवर्ड ह्या यंत्रावर मुळीच नकोत. हिशेब आणि सराव एवढ्यापुरताच तो वापरावा, शक्यतो इंटरनेट न जोडता. आणि दर महिन्याला हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी.

माझी विनंती एवढीच की, भंगाराचा ठराव करण्यापूर्वी ही तीन कामे आपण आपल्या हातांनी करून पाहावीत. मोहफुले वेचून, तेंदूपाने तोडून पै-पै साठविणाऱ्या हातांना एक खूण काढणे जड नाही. कोणी शिकलेला मुलगा येईल आणि करून देईल, अशी वाट पाहत बसलो, तर नवा संगणकही दोन वर्षांत असाच जुना होईल.