टक्कर दोघांची, भुर्दंड तिसऱ्याला

मागच्या रांगेत संकोचून बसलेल्या नाखवा-तांडेलांनो, पुढे या. विषय तुमचाच आहे.

जहाजांच्या टकरींवरची परिषद मुंबईत न भरवता इथे उरणमध्ये का, असे अनेकांनी विचारले. उत्तर एका टकरीत आहे. 7 ऑगस्ट 2010 रोजी न्हावा-शेव्याहून निघालेले 'एमएससी चित्रा' आणि मुंबई बंदरात येणारे 'खलिजिया-3' ही जहाजे एकमेकांवर आदळली. चित्रा कलंडले, कंटेनर पाण्यात पडले, त्यांतल्या काहींत कीटकनाशके होती. तेल अलिबाग-उरणच्या किनाऱ्यांना, तिवरांच्या मुळांना लागले. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली, आणि बाजारात गिऱ्हाईक मासळीला हात लावेना.

जहाजांचा आपसातला हिशेब कायद्याने चोख मांडला आहे. 1910च्या ब्रुसेल्स करारापासून ज्याचा जेवढा दोष तेवढा त्याचा वाटा. आपल्या 1958च्या मर्चंट शिपिंग ॲक्टच्या कलम 345 मध्येही तेच होते, आणि दोषाचे प्रमाण ठरवताच आले नाही तर निम्मे-निम्मे. शिवाय मालकाला जहाजाच्या टनेजप्रमाणे जबाबदारीची कमाल मर्यादा बांधून घेता येते. ज्याच्या डोल जाळ्यात तेलकट गाळ आला, त्या कोळ्याने मात्र वेगळा दावा लावायचा आणि नुकसान सिद्ध करायचे. कशाने? धक्क्यावरचा लिलाव तोंडी चालतो. पावती कोण मागतो?

आम्ही मच्छीमारही काही धुतल्या तांदळासारखे नाही. टकरी टाळण्याच्या 1972च्या नियमांतला नववा नियम सांगतो, की अरुंद चॅनेलमध्ये मासेमारी करणाऱ्याने जहाजाची वाट अडवू नये. आमच्यातले काही जण नेमकी तिथेच जाळी टाकतात, आणि दिवा असतो मिणमिणता. यावर भांडण व्हायलाच हवे. पायलट समोर बसलेत, तोंडावर भांडा.

वकील मंडळींकडे मागणे एकच आहे. आमच्या मच्छीमार सोसायट्यांकडे डिझेल आणि बर्फाच्या नोंदवह्या असतात. कुठली बोट कधी समुद्रात गेली आणि कधी धक्क्याला बांधून राहिली, ते त्यांवरून कळते. या वह्या पुरावा म्हणून कोर्टात टिकाव्यात आणि सोसायटीला सर्वांच्या वतीने एकच दावा लावता यावा, यासाठी काय करावे लागेल त्याचा मसुदा उद्या संध्याकाळपर्यंत हातात पडू द्या.

जेवणानंतर चॅनेल दाखवायला करंजा धक्क्यावरून बोट निघेल. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय तांडेल कोणालाही चढू देणार नाही, न्यायमूर्तींनाही नाही.