पुस्तक मिटून सांग



पाहुण्यांचं भाषण म्हणजे दोन नाचांच्या मधला अडथळा, हे मला चांगलं ठाऊक आहे. मी याच तालुक्यात शिकले. असे कितीतरी अडथळे सतरंजीवर मांडी घालून सोसलेत. म्हणून समोर सतरंजीवर बसलेल्या मुलांची एक सोय करते. आज तुम्हाला उपदेश नाही. मी बोलणार आहे मागे बसलेल्या आणि उभ्या पालकांशी, त्यातही ज्यांच्या घरी यंदा दहावी किंवा बारावी आहे त्यांच्याशी. तुम्ही फक्त ऐकायचं, आणि आईबाबा विसरले की आठवण करून द्यायची.

यंदा, २०२६ साली, बारावीचा पहिला पेपर १० फेब्रुवारीला आहे, दहावीचा २० फेब्रुवारीला. दोन्ही परीक्षा १८ मार्चपर्यंत चालतील. या दिवसांत घराघरांत काय होतं, ते शिक्षिका म्हणून मी वर्षानुवर्षं पाहिलंय. टीव्ही बंद होतो, मोबाइल आलमारीत जातो, आणि मामाच्या पोराचे टक्के रोज ताटात वाढले जातात. पालकसभेत एक वाक्य हमखास कानावर यायचं. राइस मिलमध्ये पोती उचलणारा बाप असो की विड्या वळणारी माय, वाक्य तेच : “आम्ही काही शिकलो नाही मॅडम, आम्ही काय मदत करणार?” शिकलेल्या पालकांची तऱ्हा वेगळी. ते स्वतःच बीजगणित शिकवायला बसतात. पाचव्या मिनिटाला आवाज चढतो, पंधराव्या मिनिटाला वही भिरकावली जाते.

त्या पहिल्या वाक्याशी भांडायला मी आज आले आहे.

माझे बाबा डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीत होते. सही करायचे, पेपरातले मोठे मथळे जुळवून वाचायचे, त्यापलीकडे अक्षरओळख नव्हती. पाळी संपवून आले, अंगावरची काळी धूळ धुतली, चहा घेतला की खाटेवर बसून म्हणायचे, “पुस्तक मीट. आता सांग, आज का शिकली?”

एकदा मी विज्ञानातला कोरडा विद्युतघट सांगत होते. बाहेर जस्ताचं भांडं, मधोमध कार्बनची कांडी, कांडीभोवती मँगनीज डायऑक्साइड. बाबांनी तिथंच थांबवलं. “मँगनीज? म्हणजे आमचंच?” आमचंच. डोंगरीचा दगड बॅटरीच्या सेलांसाठीच नावाजलेला आहे. रात्रपाळीला जाताना ते जी बॅटरी हातात धरायचे, तिच्या पोटात तोच होता. “मंग आमचा गोटा त्या सेलात काम का करते?” 

मला सांगता येईना. व्याख्या तोंडपाठ होती, आकृती डोळे मिटून काढली असती, पण हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. पुस्तक उघडलं, पुन्हा वाचलं, पुन्हा मिटलं आणि सांगितलं : सेल चालू असताना कांडीपाशी हायड्रोजन साचतो, त्यानं वीज अडते. मँगनीज डायऑक्साइड त्या हायड्रोजनचं पाणी करून टाकतो. बाबा म्हणाले, “म्हणजे रस्ता मोकळा करते.” शेजारच्यांना त्यांनी हे किती दिवस सांगितलं, विचारू नका.

मी पुढे शिक्षिका झाले तेव्हा कळलं की बाबांची ती खाटेवरची शाळा म्हणजे अभ्यासाची मोठी पक्की पद्धत होती. २००६ साली अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चारही बैठकांत वाचला. काहींनी पहिल्याच बैठकीत वाचला आणि पुढच्या तीन बैठकांत उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. काहींची परीक्षा पाच मिनिटांनी घेतली, तर वाचणारे पुढे होते : त्यांना ८३ टक्के आठवलं, दुसऱ्यांना ७१. उरलेल्यांची आठवड्यानं घेतली. त्यांत वाचणारे ४० वर होते आणि आठवून लिहिणारे ६१ वर. गंमत अशी की आपल्याला जास्त लक्षात राहील, ही खात्री नुसतं वाचणाऱ्यांनाच जास्त होती.

आपली मुलं बहुतेक काय करतात? वाचतात. रंगीत पेनानं रेघा मारतात, पुन्हा वाचतात. पानावर सगळं ओळखीचं दिसतं, म्हणून येतंय असं वाटतं. पण बोर्डाच्या केंद्रावर पुस्तक समोर नसतं. आठवून काढण्याचा सराव घरीच व्हायला हवा, आणि त्यासाठी कुणीतरी ऐकणारं लागतं. ज्याला तो विषय येत नाही, असं माणूस असेल तर आणखी बरं. जाणकार माणूस अर्ध्यावरच मान डोलावतो, “हं, कळलं, पुढे.” न शिकलेली माय मान डोलावत नाही. तिला खरंच कळलेलं नसतं, म्हणून ती विचारते. तेव्हा “आम्ही शिकलो नाही” हे वाक्य यापुढे पालकसभेत कुणी बोलू नका.

हे करायचं कसं, तर रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे. तुम्ही भाकरी थापत असाल, तो चुलीशी बसून सांगेल. पुस्तक मिटलेलं हवं. पुस्तक तुमच्याही हातात नको, नाहीतर ऐकणं राहतं बाजूला आणि उलटतपासणी सुरू होते. दोनच प्रश्न विचारा : “असं काहून?” आणि “मंग पुढे?” तो अडला तर त्याला बघून येऊ द्या. चुकतंय असं वाटलं तरी टोकू नका, तपासायला शिक्षक आहेत. गणित असेल तर “सुरुवात कुठून करशील?” एवढंच विचारा. तो चिडला तर उठा. उद्या बसू.

मी बोर्डाचे गणिताचे पेपर तपासले आहेत, त्यातलं एक सांगते. कोऱ्या पानांचं मला फार नवल वाटलं नाही. वाईट वाटायचं ते खोडलेल्या बरोबर उत्तरांचं. समीकरण नीट मांडलंय, दोन पायऱ्या अचूक आहेत, आणि त्यावर आडवी रेघ. खाली दुसरी पद्धत, ती चुकलेली. त्या मुलाला गणित येत होतं. आपल्याला ते येतं, यावर त्याचा विश्वास नव्हता. दहावीला बीजगणित ४० गुणांचं, भूमिती ४० गुणांची, प्रत्येकी दोन तास, आणि पायरीपायरीला गुण असतात. २०२३ पासून बोर्डानं पेपरच्या शेवटी दहा मिनिटं वाढवून दिली आहेत. ती खोडाखोडीसाठी नाहीत, हे मुलांना सांगा. स्वतःवरचा हा अविश्वास कुठून येतो? माझं मत विचाराल तर बराचसा जेवणाच्या ताटावरून येतो. ज्याला रोज “किती पडतील?” असं विचारलं जातं, त्याला स्वतःचं बरोबर उत्तरही संशयास्पद दिसू लागतं. 

आता झोप. आपल्याकडे दहावीचा पोरगा म्हटला की त्याला पहाटे चारला उठवायचं, हे ठरलेलंच. पण झोपतो किती वाजता? साडेअकराला. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, असं झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. या वयात झोप येतेही उशिरा, त्यात मुलांचा आळशीपणा नसतो. दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत. आणि पेपर असतो सकाळी अकराला. चारला उठलेलं पोर अकरा वाजता जांभया देत प्रश्नपत्रिका वाचणार. हा सौदा कुठल्या हिशेबानं परवडतो, ते मला आजवर कळलेलं नाही.

इथे मला आपल्या भागातलं एक अवघड बोलायचंय. परीक्षेच्या काळातच बावनथडी प्रकल्पाच्या पाण्यावर उन्हाळी धानाची कामं असतात. मार्च लागला की गोबरवाही, चिखला, लेंडेझरीकडच्या जंगलात मोहफूल पडायला लागतं, आणि पहाटे टोपली घेऊन अख्खं घर झाडाखाली असतं. त्या पैशाची घराला गरज असते, मी हे माडीत राहून बोलत नाहीये, आमच्याही घरी मोह वाळत असायचा. पण पेपरच्या दिवशी आणि त्याच्या आदल्या दिवशी तेवढं दहावीचं लेकरू सोडा. आणि मुलगी असेल तर दुप्पट ऐका. मुलाची दहावी असली की ताट जागेवर येतं. मुलीची दहावी असली तरी भांडी तिचीच, पाणी तिचंच, लहान भावाचं आवरणंही तिचंच, आणि अभ्यास सगळे झोपल्यावर. घरातल्या पुरुषांनी दोन महिने भांडी घासली तर धानाचा भाव पडत नाही. टाळ्या फक्त पुढून आल्या, हे मी पाहिलं.

१५ फेब्रुवारीला महाशिवरात्र आहे. गायमुखच्या यात्रेला मुलांना नेऊ की नको, असं कुणी विचारेल. दहावीच्या मुलांना जरूर न्या. अर्धा दिवस डोंगरात चालून आल्यानं कुणाचे गुण गेलेले नाहीत. 

निकालाबद्दल फार बोलत नाही, पण एक आकडा तुम्हाला माहीत हवा. २०२५ च्या दहावीत राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. आपला नागपूर विभाग ९०.७८ टक्के, नऊ विभागांत सर्वांत खाली. म्हणजे आपल्या विभागात शंभरातली नऊ मुलं त्या दिवशी मान खाली घालून घरी गेली. तशी वेळ आली तर काय करायचं, हे निकालाच्या दिवशी ठरवू नका, आज ठरवा. पूर्वी नापास झालं की ऑक्टोबरची वारी असायची, तोवर वर्ष गेलेलं असायचं. २०१५ पासून फेरपरीक्षा निकालानंतर लगेच, जुलैच्या सुमारास होऊ लागली. एकदोन विषय राहिले तर एटीकेटी घेऊन अकरावीला बसता येतं. आयटीआयचे काही ट्रेड दहावी नापास मुलांनाही खुले आहेत. हे रस्ते मुलाला परीक्षेच्या आधी, सहज, पाठीवर हात ठेवून सांगा. सांगितल्यानं मूल ढिलं पडतं, असं काही पालकांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. सगळं याच एका पेपरवर आहे असं मानून बसलेलं मूलच पेपर हातात आल्यावर गोठतं.

आणि एखादं मूल जेवेनासं झालं, रात्र रात्र जागू लागलं, मित्रांपासून तुटलं, “मी नसतो तर बरं झालं असतं” असं हसत जरी म्हणालं, तर ते परीक्षेचं नाटक समजू नका. जवळ बसा आणि थेट विचारा, “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. विचारल्यावर मूल बोलू लागतं. त्याला एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या. १४४१६ हा नंबर मोबाइलमध्ये आत्ताच भरून ठेवा. टेलिमानस ही सरकारची सेवा आहे, २०२२ साली सुरू झाली, फुकट आहे, रात्री-अपरात्री मराठीत बोलता येतं. मुलं फोन करू शकतात, तसे पालकही करू शकतात. पालकांनाही या दिवसांत कमी ताण नसतो.

कॉपीबद्दल एकच गोष्ट. केंद्राच्या भिंतीवर चढणारे बाप मी पाहिलेत. त्यातल्या एकानं जरी तेवढी मेहनत रोज संध्याकाळी खाटेवर बसून ऐकण्यात घेतली असती, तर भिंतीवर चढायची वेळच त्याच्यावर आली नसती.

शेवटी मुख्याध्यापकांना एक विनंती, सर्वांसमोर करते म्हणजे नाही म्हणता येणार नाही. ज्यांच्या घरी एकच खोली आहे आणि त्यात सहा माणसं, टीव्ही आणि आजारी आजी आहे, त्या मुलांनी पुस्तक मिटून सांगायचं तरी कुठे? उद्यापासून परीक्षा संपेपर्यंत शाळेचे दोन वर्ग संध्याकाळी सहा ते आठ उघडे ठेवा. शिक्षकांवर भार नको, ते दिवसभर थकलेले असतात. पालकांनी पाळीपाळीनं येऊन बसावं, रोज दोघांनी. शिकलेले असोत नसोत, ऐकायला बसायचंय. मंगळवार आणि शुक्रवार माझे लिहून घ्या, गणितासाठी मी येईन. कार्यक्रम संपल्यावर दाराशी वही ठेवलेली असेल, त्यात आपापला वार लिहा. आणि देव्हाडी, मिटेवानीकडच्या मुलींना आठनंतर घरी पोचवायला गाडी कोणाची, तेवढं इथून निघण्याआधी ठरवा.