भोक कुणी पाडलं? अंतराळ स्थानकातल्या एका संशयाची गोष्ट

  

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनियर. रॉकेटं बनवत नाही. पण काहीतरी बिघडल्यावर ते का बिघडलं हे शोधणं माझंही रोजचं काम. म्हणून आजची केस मला फार जवळची वाटते. केस आहे एका भोकाची. आकार साधारण २ मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढं. पण त्यावरून दोन देश भांडले आणि एका बाईचं नाव जगभरच्या बातम्यांत आलं. भोक कुणी पाडलं याचं सगळ्यांना पटेल असं उत्तर आजपर्यंत जाहीर झालेलं नाही.

चला, सुरुवातीपासून बघू.

२९ ऑगस्ट २०१८ ची रात्र. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर फिरतंय. आत सहा माणसं, सगळी झोपलेली. खाली नियंत्रण कक्षात आकडे बघणाऱ्यांच्या लक्षात आलं, की आतला हवेचा दाब हळूहळू कमी होतोय. वेग इतका कमी होता की लगेच धोका नव्हता, म्हणून अंतराळवीरांना झोपू दिलं. सकाळी शोधाशोध सुरू झाली. एकेक भाग बंद करून तपासत गेले आणि शेवटी सापडलं, की गळती स्थानकात नाहीच, स्थानकाला जोडलेल्या सोयुझ एमएस-०९ या रशियन यानात आहे.

जर्मन अंतराळवीर अलेक्झांडर गेर्स्ट यांनी भोकावर चक्क अंगठा ठेवला. मग टेप लावली आणि नंतर इपॉक्सीने भोक बुजवलं. आपल्याकडे टाकी गळली की एम-सील लावतात ना, साधारण तसंच.

पहिला अंदाज होता सूक्ष्म उल्केचा. अंतराळात वाळूच्या कणाएवढा दगडसुद्धा बंदुकीच्या गोळीपेक्षा कितीतरी जास्त वेगाने येतो, त्यामुळे अंदाज चुकीचा म्हणता येणार नाही. पण फोटो नीट बघितल्यावर भोकाच्या आजूबाजूला ओरखडे दिसले. भिंतीत ड्रिल मारताना टोक घसरलं की जसे ओरखडे उठतात, तसेच.

सप्टेंबरच्या सुरुवातीला रशियाच्या रॉसकॉसमॉस या अंतराळ संस्थेचे तेव्हाचे प्रमुख द्मित्री रोगोझिन यांनी जाहीरच करून टाकलं: भोक ड्रिलने पाडलंय, हात थरथरत होता, एकापेक्षा जास्त वेळा प्रयत्न झालाय. जमिनीवर झालं की अंतराळात, हे मात्र त्यांनी उघडं ठेवलं.

इथे गोष्ट बदलली. तोपर्यंत प्रश्न होता, "काय झालं?" आता झाला, "कुणी केलं?"

विचार करा, किती मसालेदार मामला आहे. बंद जागा, सहा माणसं, बाहेरून कुणी येऊ शकत नाही. रहस्यकथा लिहायला बसलं तरी यापेक्षा भारी सेटिंग मिळणार नाही. रशियन वर्तमानपत्रांत थिअरी यायला लागल्या. एक थिअरी कारखान्याची: यान बनवताना कुणाकडून तरी चुकून ड्रिल लागलं, त्याने घाबरून काहीतरी चिकट पदार्थ भरून भोक लपवलं, आणि अंतराळात दोन-तीन महिन्यांनी तो पदार्थ वाळून सुटला. दुसरी थिअरी होती थेट घातपाताची: स्थानकावरच्या अमेरिकनांनी आजारी सहकाऱ्याला लवकर घरी न्यायचं म्हणून मुद्दाम भोक पाडलं.

स्थानकाचे तेव्हाचे कमांडर, अमेरिकेचे ड्र्यू फ्यूस्टेल, यांनी वरूनच मुलाखत देऊन सांगितलं की क्रूचा याच्याशी काहीही संबंध नाही. नासानेही सांगितलं, की उत्पादनातला दोष नाही असं ठरलं, तरी त्यावरून भोक मुद्दाम पाडलं असं सिद्ध होत नाही. पण संशय एकदा हवेत सुटला की दाबासारखा मोजता येत नाही, आणि टेप लावून थांबवताही येत नाही.

बरं, तपास झाला का? झाला, आणि जबरदस्त झाला. ११ डिसेंबर २०१८ ला ओलेग कोनोनेन्को आणि सर्गेई प्रोकोप्येव हे दोन रशियन अंतराळवीर स्थानकाबाहेर पडले. पावणेआठ तास बाहेर होते. यानाच्या बाहेरचं आवरण चाकू आणि कात्रीने कापून त्यांनी भोकाची बाहेरची बाजू शोधली, नमुने घेतले. स्पेससूट घालून, यानाच्या अंगावर चाकू चालवायचा! चुकून स्वतःचा सूट फाटला तर संपलंच.

पण अडचण वेगळीच होती. सोयुझचे तीन भाग असतात. पृथ्वीवर परत येतो फक्त मधला, ज्यात माणसं बसतात तो. भोक होतं पुढच्या गोल भागात, आणि तो परतताना वातावरणात जळून जातो. २० डिसेंबरला प्रोकोप्येव आणि बाकीचे दोघे कझाकस्तानात सुखरूप उतरले आणि मुख्य पुरावा आकाशात राख झाला. उरले ते फोटो, नमुने आणि वेगवेगळ्या लोकांची वेगवेगळी मतं. पुढच्या वर्षी रोगोझिन म्हणाले, की काय झालं ते आम्हाला कळलंय, पण सांगणार नाही.

मंडळी, "कळलंय पण सांगणार नाही" हे सगळ्यात वाईट उत्तर आहे. कारण रिकामी जागा राहिली की ती कुणीतरी भरतंच.

तीन वर्षांनी, ऑगस्ट २०२१ मध्ये, ती भरली गेली. रशियाच्या तास या सरकारी वृत्तसंस्थेने नाव न सांगितलेल्या एका अधिकाऱ्याचा हवाला देऊन लेख छापला. त्यात रोख होता त्या यानातल्या अमेरिकन महिला अंतराळवीरावर. तिला अंतराळात असताना शिरेत रक्ताची गुठळी झाली, त्याचा मानसिक ताण आला, आणि घरी लवकर जाता यावं म्हणून तिनेच भोक पाडलं असावं, असा त्या लेखाचा सूर होता. आता गंमत बघा. अशा गुठळीची केस डॉक्टरांच्या मासिकात आली होती, पण पेशंटचं नाव न देता. म्हणजे कुणाचा तरी आजार उचलायचा, त्याला नाव चिकटवायचं आणि त्यातून हेतू तयार करायचा. आरोप करणारा निनावी, आणि जिच्यावर आरोप तिचं मात्र नाव, गाव, फोटो सगळं जगासमोर.

नासाने लगेच जाहीरपणे तिची बाजू घेतली, आरोप विश्वासार्ह नाहीत असं सांगितलं. गळतीच्या वेळी स्थानकावर कोण कुठे होतं याच्या नोंदी नासाकडे असल्याच्या बातम्याही अमेरिकी माध्यमांत आल्या. मी तिचं नाव या भागात मुद्दाम घेत नाहीये. शोधलंत तर दोन सेकंदांत सापडेल, आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे.

आता दुसरं उदाहरण, आणि तेही त्याच वर्षातलं. ११ ऑक्टोबर २०१८. भोकाची चर्चा जोरात चालू असतानाच सोयुझ एमएस-१० चं उड्डाण मध्येच फसलं. आत होते अलेक्सेई ओवचिनिन आणि निक हेग. सुटका यंत्रणेने काम केलं, दोघंही सुखरूप जमिनीवर आले. म्हणजे दोन महिन्यांत दुसरा अपघात. घातपाताच्या गोष्टीला इतकं खतपाणी कधी मिळालं नसेल! पण तपास समितीने तीन आठवड्यांत कारण जाहीर केलं: जोडणीच्या वेळी एक सेन्सर वाकला होता, फक्त सहा-सात अंशांनी. त्यामुळे बाजूचं बूस्टर नीट वेगळं झालं नाही आणि मुख्य रॉकेटवर आदळलं. सोबत व्हिडिओसुद्धा प्रसिद्ध केला. विषय संपला. कुणाच्या मानसिक अवस्थेवर लेख आले नाहीत. डिसेंबरच्या सुरुवातीला पुढचं यान माणसांना घेऊन वर गेलंसुद्धा, आणि त्यात होते कोनोनेन्को, म्हणजे आठवड्याभरात चाकू घेऊन बाहेर पडणारे तेच.

एकच देश, एकच संस्था, जवळजवळ एकच वेळ. एका केसमध्ये कारण उघड सांगितलं, दुसऱ्यात झाकून ठेवलं. फरक तुमच्यासमोर आहे.

तुम्ही म्हणाल, अरे पण आतला माणूस कधीच गडबड करत नाही का? करतो की! भाबडं राहून चालणार नाही. नासाचे दोन उपग्रह, २००९ चा ओसीओ आणि २०११ चा ग्लोरी, टॉरस एक्सएल रॉकेटवरून निघाले आणि कक्षेत पोहोचलेच नाहीत, कारण टोकावरचं संरक्षक कवच वेगळं झालं नाही. बरीच वर्षं तपास चालला. २०१९ मध्ये नासाने सांगितलं, की कवचाच्या सांध्यात वापरलेल्या ॲल्युमिनियमच्या चाचण्यांचे आकडे पुरवठादार कंपनीत खोटे लिहिले जात होते. कंपनीचं नाव सापा प्रोफाइल्स. थोडेथोडके नाही, १९ वर्षं हा प्रकार चालला होता. नापास झालेला माल आकडा बदलून पास! नासाच्या हिशेबाने ७० कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं.

इथे आतला माणूस सापडला. पण तो सिनेमातला खलनायक निघाला नाही. त्याला रॉकेट पाडायचं नव्हतं, माल वेळेत पास करून बोनस मिळवायचा होता. आणि तो सापडला कशामुळे? चाचणीच्या मूळ नोंदी आणि ग्राहकाला दिलेली प्रमाणपत्रं जुळेनात म्हणून. कुणाच्या चेहऱ्यावरून किंवा आजारावरून नाही.

माझ्या माहितीतल्या एका कंपनीत असंच झालं होतं. एका सकाळी महत्त्वाचा डेटा गायब. टीममधला एक जण नोटीस पिरियडवर होता. झालं! दुपारपर्यंत सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. चहाला त्याला कुणी बोलवेना. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. संध्याकाळी कुणीतरी लॉग उघडले, तर दोन वर्षांपूर्वी लावलेली एक ऑटोमॅटिक स्क्रिप्ट जुना डेटा म्हणून सगळंच साफ करून गेली होती. लॉग होते म्हणून पोरगा सुटला. नसते, तर तो संशय त्याच्या पुढच्या नोकरीपर्यंत गेला असता.

आणि आपल्या देशात तर हे कुठवर जाऊ शकतं ते आपण पाहिलंय. नंबी नारायणन. आर. माधवनचा 'रॉकेट्री' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. इस्रोमध्ये क्रायोजेनिक इंजिनाचं काम बघणारा हा शास्त्रज्ञ. ३० नोव्हेंबर १९९४ ला केरळ पोलिसांनी अटक केली, आरोप होता की इंजिनाची गुपितं परदेशाला विकली. तेव्हा क्रायोजेनिक तंत्रज्ञान भारताकडेच तयार नव्हतं! सुमारे ५० दिवस तुरुंगात. १९९६ मध्ये सीबीआयने आरोपात तथ्य नाही असा अहवाल दिला. तरी पूर्ण न्याय मिळायला २०१८ उजाडलं. १४ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने अटक अनावश्यक होती असं सांगून ५० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. पुढच्या वर्षी पद्मभूषण मिळालं.

तारीख परत वाचा. सप्टेंबर २०१८. इकडे दिल्लीत एका शास्त्रज्ञावरचा चोवीस वर्षांचा डाग पुसला जात होता, आणि त्याच महिन्यात वर अंतराळात नवीन डाग लावायला सुरुवात झाली होती.

आपल्याकडे म्हण आहे, चोर सोडून संन्याशाला फाशी. ती खरी होते, कारण संशय घ्यायला पुरावा लागत नाही, पण निर्दोष ठरायला लागतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच: काहीही बिघडलं की आधी विचारा, "काय झालं?" आणि त्याचं उत्तर नोंदींतून काढा. ते न मिळता "कुणी केलं?" वर उडी मारली, की साप म्हणून भुई धोपटणं सुरू होतं. जिथे नोंदी नीट ठेवल्या आणि उघड केल्या जातात, तिथे खरा गुन्हेगार पकडला जातो आणि निरपराध माणूस सुटतो. दोन्ही कामं एकच वही करते.

तुमच्यापैकी कुणी कारखान्यात असेल, कुणी बँकेत, कुणी लॅबमध्ये, कुणी माझ्यासारखं लॅपटॉपसमोर. तारीख, वेळ, काय केलं, कुणी तपासलं, हे लिहिणं कंटाळवाणं असतं, मान्य. पण उद्या बोट तुमच्याकडे किंवा शेजारच्या खुर्चीकडे वळलं, तर तेच कंटाळवाणं पान बोलेल.

आणि हो, शेवटचं. ते प्रोकोप्येव आठवतात ना? २०२२ मध्ये ते परत अंतराळात गेले, सोयुझ एमएस-२२ चे कमांडर म्हणून. डिसेंबरमध्ये त्याही यानाला भोक पडलं, बाहेरच्या बाजूला, एक मिलिमीटरपेक्षाही लहान, आणि शीतकरणाचं द्रव गळून गेलं. एकच माणूस, दोन यानं, दोन भोकं! संशयी डोक्याला आणखी काय हवं? पण या वेळी तपास करून रॉसकॉसमॉसने सांगितलं: सूक्ष्म उल्का. विषय तिथेच मिटला.

चला, आजच्यापुरतं एवढंच. भाग आवडला तर एखाद्या मित्राला पाठवा, खास करून त्याला, जो सर्व्हर बंद पडला की सगळ्यात आधी माणसाचं नाव घेतो. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!