गोड्या समुद्रावरचा गळ



मासे ओळखण्यात आणि खाण्यात ज्याचा जन्म गेला अशा गोमंतकीयाने मासेमारीवर चार शब्द बोलावेत यात नवल नाही. परंतु आज मी जिच्याविषयी बोलणार आहे ती मासेमारी आपल्या मांडवी-जुवारीतली नव्हे, की अरबी समुद्रातलीही नव्हे. ती आहे अमेरिकेतील मिशिगन सरोवरातली. माझी कन्या त्या सरोवराच्या पश्चिम तीरावर मिलवॉकी शहरी राहते. तिच्याकडे एक उन्हाळा काढण्याचा योग आला, तेव्हा शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी, ‘तुम्ही समुद्राकाठची माणसे, आता आमचाही समुद्र पाहा,’ असे म्हणून मला आपल्या होडीवर येण्याचे आमंत्रण दिले.

समुद्र हा शब्द त्यांनी थट्टेने वापरला नव्हता. या सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ५७,८०० चौरस किलोमीटर आहे. आपला गोवा त्यात पंधरा वेळा मावेल. जेथे सर्वांत खोल तेथे ते २८१ मीटर खोल आहे. पैलतीर दिसत नाही, क्षितिजावर मालवाहू जहाजे दिसतात, वारा पडला नाही तर लाटाही चांगल्या उसळतात. पण वाऱ्याला खारट वास नाही, ओठांवर मीठ जमत नाही, आणि भरती किती वाजता आहे हे कोणी कोणाला विचारत नाही. माझ्यासारख्याला तेथे सारखे काहीतरी चुकल्याचुकल्यासारखे वाटत राहते.

पहाटे चार वाजता आम्ही धक्का सोडला. आदल्या दिवशीच मला दुकानात नेऊन माझ्या नावाचा एका दिवसाचा परवाना काढून घेतला होता. तिकडे छंद म्हणून गळ टाकणाऱ्यालाही परवाना लागतो, आणि एका माणसाने एका वेळी तीनच गळ पाण्यात सोडावेत असा त्या राज्याचा कायदा आहे. आम्ही दोघे, म्हणून गळ सहा.

या प्रकाराला तिकडे ट्रोलिंग म्हणतात. आपल्या कानाला तो शब्द ‘ट्रॉलर’सारखा लागतो, म्हणून आधीच खुलासा करतो. ट्रॉलर जाळे ओढतो आणि वाटेत जे येईल ते, कोळंबीपासून मासळीच्या पिलांपर्यंत, सारे उपसून काढतो. ट्रोलिंगमध्ये जाळे नसतेच. होडी माणसाच्या सावकाश चालीने, ताशी दोन-अडीच मैलांच्या वेगाने, पुढे जात असते आणि तिच्या मागून दोरांना बांधलेली खोटी आमिषे ओढली जात असतात. सुरमईसाठी, म्हणजे आमच्या इस्वणासाठी, आपल्याकडेही चालत्या होडीमागे गळ ओढतात. तेव्हा कल्पना परकी नाही. परका आहे तो तिच्यामागचा सारा हिशेब.

नदीकाठी गरवायला बसलेला माणूस मासा आपल्याकडे येण्याची वाट पाहतो. येथे मासा कोठे असेल हे आधी ठरवावे लागते, आणि पन्नास हजारांहून अधिक चौरस किलोमीटरांत ते ठरवायचे कसे? याचे उत्तर आहे उष्णमान. उन्हाळ्यात सरोवराचे वरचे पाणी तापते आणि हलके होऊन वरच राहते. खालचे पाणी जड आणि थंडगार असते. या दोहोंच्या मध्ये एक पातळ थर असा असतो की त्यात थोड्याच अंतरात उष्णमान झपाट्याने उतरते. सॅमन जातीच्या माशाला दहा ते तेरा अंश सेल्सियसचे पाणी मानवते, म्हणून तो या थराच्या आसपास फिरतो. ट्राउट जातीतला सरोवराचा मूळचा मासा, ज्याला तिकडे लेक ट्राउट म्हणतात, तो याहूनही थंड पाणी पसंत करतो आणि म्हणून खाली असतो. मौज अशी की हा थर एका जागी राहत नाही. जमिनीकडून वारा सुटला की वरचे कोमट पाणी तो आत ढकलून देतो आणि त्याची जागा घ्यायला तळचे थंड पाणी किनाऱ्यालगत वर येते. म्हणजे काल दहा मैलांवर असलेला मासा आज धक्क्याच्या तोंडाशी मिळू शकतो. माझे यजमान आदल्या रात्री तीन वेळा अंगणात येऊन आकाशाकडे पाहून गेले होते. मला वाटले, पावसाची चिंता. ते वारा पाहत होते.

थर सापडला तरी आमिष तेवढ्या खोलीवर न्यायचे कसे, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी होडीच्या काठावर डाउनरिगर नावाचे एक रहाटासारखे यंत्र असते. त्याच्या पोलादी तारेला दहा-बारा पौंडांचा शिशाचा गोळा लावलेला असतो. गळाचा दोर या गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवून गोळा हव्या त्या खोलीपर्यंत सोडतात. आमचे गोळे साठ फुटांवर होते. वर काठी धनुष्यासारखी वाकवून ठेवलेली असते. मासा आमिषाला झोंबला की दोर चिमट्यातून सुटतो आणि वाकलेली काठी एकदम ताठ उभी राहते. नंतर शिसे एकीकडे आणि मासा दुसरीकडे. माणसाच्या हाती मासा आणि दोर एवढेच उरते.

आमिष म्हणजे बोटभर लांबीचा धातूचा चमचा. तो पाण्यात लटपटत चालतो आणि जखमी माशाचा आभास करतो. खोल पाण्यात तांबडा रंग सर्वांत आधी नाहीसा होतो, हिरवा आणि निळा टिकतात, म्हणून खोलवरच्या चमच्यांवर तेच रंग असतात. पहाटेच्या अंधारासाठी काही चमच्यांना स्वयंप्रकाशी लेप असतो. यजमान प्रत्येकावर क्षणभर बॅटरीचा झोत टाकून तो पाण्यात सोडीत होते. मग त्यांनी होडीला एक मोठे वळण दिले. वळणात बाहेरच्या बाजूचे चमचे वेगाने ओढले जातात आणि आतल्या बाजूचे मंदावून खाली बसतात. मासा कोणत्या बाजूला लागतो यावरून आज त्याला वेग हवा की संथपणा हे कळते. पाण्याखालच्या प्राण्याची मर्जी विचारण्याची इतकी सुंदर रीत मी दुसरी पाहिली नाही.

सूर्य पाण्यातून वर येत असतानाच बाहेरच्या बाजूची काठी ताठ झाली. यजमानांनी ती माझ्या हाती दिली आणि रहाटी किरकिरू लागली. मासा शंभर हात दोर घेऊन पळाला, थांबला, पुन्हा पळाला. ‘दोर सैल पडू देऊ नका,’ एवढीच मला सूचना होती. मासा अचानक होडीच्या दिशेने वळला, दोर हलका झाला, आणि तो सुटला असे समजून मी हात थांबवला. वस्तुतः तो सुटला नव्हता. माझा हात थांबला तेव्हा सुटला. होडीपासून वीस हातांवर रुपेरी अंगाचा, पाठीवर काळे ठिपके असलेला एक दांडगा चिनूक सॅमन एकदा वर येऊन दिसला आणि गेला. यजमान काही बोलले नाहीत. शिष्टाचार म्हणून बोलले नाहीत, हे त्यांच्या पाठीकडे पाहूनही कळत होते.

त्यानंतर दोन तास काहीच लागले नाही. त्या रिकाम्या वेळात त्यांनी मला जे सांगितले, आणि जे मी नंतर वाचून पडताळून घेतले, त्याने त्या माशाकडे पाहण्याची माझी दृष्टी पालटली. चिनूक आणि त्याचा भाऊबंद कोहो हे या सरोवराचे मासेच नव्हेत. ते पॅसिफिक महासागराचे.

सरोवराचा मूळचा धनी लेक ट्राउट. १९४०च्या दशकाच्या आरंभी दरवर्षी सुमारे साठ लाख पौंड लेक ट्राउट येथे जाळ्यात पडत असे. अटलांटिक महासागर आणि वरची सरोवरे यांच्यामध्ये नायगाऱ्याचा धबधबा हा निसर्गाचा दरवाजा होता. जहाजांसाठी त्याला वळसा घालून वेलंड कालवा खणला गेला आणि जहाजांबरोबर न बोलावलेले पाहुणेही आत आले. त्यांतला एक समुद्री लँप्री. बामासारखा लांबट, जबड्याविना, गोल तोंडात दातांची चक्रे असलेला हा प्राणी दुसऱ्या माशाला चिकटून त्याचे रक्त शोषतो. आपल्या आयुष्यात एकेक लँप्री चाळीस पौंडांपर्यंत मासळी मारू शकतो. १९३६ साली तो मिशिगन सरोवरात आढळला. माणसांची जाळी एकीकडून आणि लँप्री दुसरीकडून, अशा दुहेरी माऱ्यात वीस वर्षांच्या आत लेक ट्राउट येथून नाहीसा झाला.

दुसरा पाहुणा एलवाइफ, आपल्या तारल्यांच्या जवळच्या कुळातला लहानसा रुपेरी मासा. तो येथे १९४९ साली प्रथम दिसला. त्याला खाणारा मोठा मासा उरला नव्हता, म्हणून त्याची प्रजा बेसुमार वाढली आणि १९६७च्या उन्हाळ्यात ती इतक्या मोठ्या संख्येने मेली की किनाऱ्यांवर ढीग साचले आणि ते यंत्रांनी उपसावे लागले. यजमान तेव्हा शाळेत होते. त्या वर्षी कोणीही पोहायला गेले नाही आणि घरांच्या खिडक्या उघडल्या गेल्या नाहीत, एवढे त्यांना पक्के आठवते.

लँप्रीवर उपाय सापडला तो हजारो रसायने तपासून पाहिल्यावर. त्याच्या पिलांना मारणारे पण इतर माशांना बहुतांशी न बाधणारे एक रसायन १९५८पासून ओढ्या-नद्यांत सोडण्यात येऊ लागले. मग मिशिगन राज्याच्या मत्स्य खात्याचे प्रमुख हॉवर्ड टॅनर आणि त्यांचे सहकारी वेन टोडी यांनी एक धाडस केले. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ओरेगनमधून कोहोची अंडी आणवून त्यांनी पिले वाढवली आणि १९६६च्या वसंतात ती सरोवराला मिळणाऱ्या नद्यांत सोडली. समुद्राऐवजी या गोड्या पाण्यातच ती पिले एलवाइफ खाऊन माजली, आणि १९६७च्या शरदात नदीमुखांशी परतली तेव्हा लोकांनी अक्षरशः वेड लागल्यासारखी धाव घेतली. मिळेल ती होडी घेऊन माणसे पाण्यात उतरली. २३ सप्टेंबर १९६७ रोजी वादळाचा इशारा असतानाही अनेकांनी मासे सोडून परतायचे नाकारले, आणि त्या दिवशी सात जण बुडाले. डाउनरिगर आज सर्वत्र दिसतात ते त्याच काळानंतर. शेकडो होड्या, आमिषांचे कारखाने, धक्क्यावरच्या खाणावळी, हे सारे त्या अंड्यांतून निघाले.

पण ज्या एलवाइफला हटवण्यासाठी सॅमन आणला, त्याच्यावाचून सॅमन जगत नाही. पुढे जहाजांच्या पोटातल्या पाण्याबरोबर क्वागा नावाचे इवलेसे शिंपले आले. ते तळाशी गालिचा पसरून पाण्यातले सूक्ष्म अन्न गाळून घेतात. पाणी काचेसारखे स्वच्छ झाले. म्हणजेच उपाशी झाले. शेजारच्या ह्यूरन सरोवरात २००३-०४च्या सुमारास एलवाइफ कोसळला आणि त्यामागोमाग चिनूक. तेथल्या कित्येक धक्क्यांवर होड्या विकायला निघाल्या. तसे येथे होऊ नये म्हणून २०१३ साली मिशिगन सरोवरात सोडायच्या चिनूक पिलांची संख्या जवळजवळ निम्मी करण्यात आली.

‘तुम्ही त्या निर्णयाच्या बाजूचे होता की विरुद्ध?’ मी विचारले.

‘विरुद्ध,’ ते म्हणाले. ‘सभेत उभा राहून ओरडलो होतो. मासे कमी झाले म्हणून आणखी कमी सोडायचे, हे मला पटेना. ह्यूरनच्या काठी माझ्या भावाची होडी होती. ती त्याने विकली तेव्हा पटले.’

त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. मला मात्र आपला पावसाळा आठवला. जून-जुलैची मासेमारीबंदी आली की तिच्यावरून आपल्याकडेही असाच वाद होतो, आणि वाद करणाऱ्या दोन्ही बाजूंना मासे हवेच असतात.

नऊच्या सुमारास सर्वांत खोल सोडलेली काठी हलली. ती नीट ताठही झाली नाही, नुसती थरथरली. मी ओढू लागलो. पळापळ नाही, उडी नाही. जड, हट्टी ओझे वर येत होते. या वेळी मी हात थांबवला नाही. जाळीत घेतला तो करड्या-हिरवट अंगाचा, फिकट ठिपक्यांचा, दुभंगलेल्या शेपटीचा मासा. ‘लेक ट्राउट,’ यजमान म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातला उत्साह उतरला. तिकडच्या हौशी लोकांना हा मासा सुस्त वाटतो, तेलकट वाटतो. सरोवराचा मूळचा धनी तो, आणि त्याच्या घरात त्यालाच दुय्यम मान.

मी मनात त्याचे तुकडे पाडून तिरफळे घातलेले हुमण करूनही टाकले होते. (या माशांत साठणाऱ्या जुन्या कारखानी रसायनांमुळे ते किती वेळा खावेत याची सूचना तिकडचे सरकार देते, पण एका जेवणाने काही बिघडणार नव्हते.) यजमानांनी मात्र मासा ओल्या हातांनी उताणा धरला, मग पालथा केला, आणि शेपटीजवळच्या पाठीवरच्या लहानशा मांसल परापासून सुरुवात करून एकेक पर बोटाने चाचपला. सरकारी तलावांत वाढवून सोडलेल्या लेक ट्राउटचा एखादा पर ओळखीसाठी कापलेला असतो. १९६५पासून अशी लाखो पिले दरवर्षी सोडली जात आहेत, आणि कित्येक दशके त्यांची पुढची पिढी येथे जवळजवळ उपजतच नव्हती. एलवाइफ तिची पिले खाई, आणि मोठ्या ट्राउटने एलवाइफ खाल्ला की त्याच्या अंड्यांत एका जीवनसत्त्वाची उणीव राही. एलवाइफ घटला तसे हे बदलू लागले.

या माशाचे सगळे पर शाबूत होते.

यजमानांनी पुन्हा एकदा मोजले. ‘हा येथेच जन्मला आहे,’ ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहू लागले. मासा माझ्या गळाला लागलेला होता, परवाना माझ्या नावाचा होता, आणि ठरवायचे मी होते. मी मान हलवली. त्यांनी होडीच्या कडेवरून वाकून त्याला पाण्यात धरले. तोंडातून हवेचे दोन-तीन बुडबुडे सोडून त्याने शेपटी मारली, आणि काचेसारख्या त्या पाण्यात तो खाली जाताना कितीतरी वेळ दिसत राहिला.