चाळीसाव्यानंतर कोण येतं?



माझ्या खालाचा मुलगा सोळाव्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात गेला. जनाजा निघाला तेव्हा गल्लीत उभं राहायला जागा नव्हती. तीन दिवस घरात चूल पेटली नाही, शेजारपाजारहून जेवण येत होतं. जियारत झाली, चाळीसावा झाला. मग माणसं येईनाशी झाली. खालानं मुलाचं नाव काढलं की समोरचा म्हणायचा, "सब्र करो, आपा." हळूहळू तिनं नाव काढणंच सोडलं.

आज मी एका संस्थेच्या जन्माची गोष्ट सांगणार आहे. ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला खालाच आठवली होती.

गोष्ट इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरातली, १९६८ सालची. तिथल्या एकाच रुग्णालयात दोन मुलं होती. केनेथ लॉली शाळेत जाताना वाहनाच्या धडकेत जबर जखमी झाला होता. बिली हेंडरसनला कॅन्सर होता. थोड्याच दिवसांच्या अंतराने दोघंही गेली. सायमन स्टीफन्स नावाचे तरुण पाद्री त्या रुग्णालयात काम करायचे. दोन्ही घरांना धीर देणं हे त्यांचं कामच होतं. ते बोलत होते, पण आपले शब्द पोचत नाहीत हे त्यांना कळत होतं.

बिली गेल्यावर लॉली कुटुंबानं हेंडरसनच्या घरी फुलं पाठवली. आभार मानायला तिकडून फोन आला. मग दोन्ही आईबाप चहाला भेटले. मुलांबद्दल बोलले, रडले. पुन्हा भेटले. स्टीफन्सना दिसलं, की हे चौघं एकमेकांना जे देत आहेत ते आपल्याला देता येत नाही. ही कबुली मला फार मोठी वाटते. सांत्वन हाच ज्याचा पेशा, तो माणूस म्हणाला की इथे माझ्यापेक्षा यांचा उपयोग जास्त आहे.

१९६९ मध्ये हे चौघं, मूल गमावलेली आणखी एक आई आणि स्टीफन्स एकत्र बसले आणि 'सोसायटी ऑफ द कम्पॅशनेट फ्रेंड्स' सुरू झाली. १९७२ मध्ये ती अमेरिकेत पोचली. आज तिचे शेकडो गट आहेत. तिथे कोणी धर्म विचारत नाही. ज्यांच्या दुःखाला काही वर्षं झाली आहेत, ते नव्यानं आलेल्यांशेजारी बसतात. गेलेल्या मुलाचं नाव तिथे मोठ्यानं घेता येतं.

आता आपल्याकडे बघा. पहिले चाळीस दिवस आपण फार चांगले सांभाळतो. कबर खोदण्यापासून जेवणापर्यंत काही मागावं लागत नाही. अडचण एकेचाळिसाव्या दिवसापासून सुरू होते. त्यात 'रडू नका'चा धाक. आपला मुलगा इब्राहिम गेला तेव्हा खुद्द पैगंबरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे आपण विसरतो. सब्र म्हणजे तोंड बंद ठेवणं नव्हे.

तुमच्या मोहल्ल्यात अशी दोन घरं तुम्हाला नक्की ठाऊक असतील. त्यांची गाठ घालून द्या. बाप आणि भाऊ यांनाही विसरू नका, ते तर कुणापुढेच बोलत नाहीत. सल्ला देऊ नका, ऐका. कुणाची झोप, जेवण पार सुटलं असेल, जगायचं नाही असं कुणी म्हणत असेल, तर मात्र थांबू नका, डॉक्टरकडे घेऊन जा.

गेल्या वर्षी आमच्या मागच्या गल्लीतल्या एका बाईची मुलगी गेली. चाळीसावा होऊन गेल्यावर एका दुपारी खाला स्वतःहून तिच्याकडे गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा मी विचारलं, काय बोललात एवढा वेळ?

खाला म्हणाली, "तिनं माझ्या पोराचं नाव विचारलं."