काचेवरची मोरपिशी झळाळी

शतकानुशतकं जमिनीत पुरलेली रोमन काच बाहेर काढली, की तिच्यावर अनेकदा मोरपिसाचे रंग दिसतात. ओलाव्यानं काचेतले क्षार झिरपून जातात, पृष्ठभागावर अतिशय पातळ पापुद्रे उरतात आणि त्यांवर प्रकाश पडला की हे रंग खेळू लागतात. या झळाळीनं एकोणिसाव्या शतकातल्या कारागिरांना भुरळ घातली. अमेरिकेत लुई कम्फर्ट टिफनी यांच्या कारखान्यात तापलेल्या काचेला धातूच्या क्षारांची वाफ देऊन तीच किमया साधली गेली. १८९४ साली त्यांनी या काचेसाठी ‘फाव्हरिल’ हे नाव नोंदवलं. त्याच्या मुळाशी ‘हातानं घडवलेलं’ असा अर्थ आहे.

पुढं साच्यात दाबलेल्या स्वस्त काचेलाही अशी चमक मिळाली, तिला ‘कार्निव्हल ग्लास’ म्हणतात. आपल्या फिरोजाबादेतही अशा काचेचे पेले बनले.

‘कॅमिओ’ काचेची तऱ्हा निराळी. फ्रान्सच्या नान्सी गावी एमिल गाले रंगीत काचेचे थर एकावर एक चढवत आणि वरचे थर आम्लानं किंवा चाकावर कोरून पानंफुलं उठवत. ही नक्षी बोटाला जाणवते.

घरात जुनी झळाळती फुलदाणी असेल, तर ती घासणीनं घासू नका. तिची झळाळी पृष्ठभागावरच असते.